उसातला वाघ आणि हजेरीचा पट



चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा कंत्राटी कामगार, किमान वेतन, असे काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची समजूत होती. मी म्हणालो, रानातली जनावरे कशी मोजतात आणि त्यांतली वर्षाकाठी किती जगतात हे कसे ठरवतात, यावर बोलतो. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अण्णा, तुमचा त्याच्याशी संबंध काय?" प्रश्न रास्त होता. मी नववीत शाळा सोडली. पुढे जे काही शिकलो ते रात्रपाळीत, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. प्राणिशास्त्राचा मी पंडित नव्हे. तरी संबंध आहे, आणि तो माझ्या एका फजितीपासून सुरू होतो. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलायला मी मोकळा.

काही वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात आपल्या कुरुळी, निघोजे, चिंबळी या पट्ट्यात बिबट्या दिसल्याच्या वार्ता रोज येऊ लागल्या. आपल्याकडे त्याला बिबट्या कोण म्हणतो? सरळ 'वाघ' म्हणायची रीत आहे. दुसऱ्या पाळीचे कामगार मध्यरात्री फाट्यावर उतरत आणि तेथून उसाच्या कडेकडेने गावापर्यंत चालत येत. बस गावात आली पाहिजे ही आमची मागणी होती. मी गेटसभेत उभा राहिलो आणि ठोकून दिले, "या शिवारात सात वाघ आहेत, सात! उद्या आमच्या माणसाला काही झाले तर जबाबदार कोण?" टाळ्या पडल्या. सात हा आकडा मी कुठून आणला? सात ठिकाणांहून सात जणांचे फोन आले होते, म्हणून सात.

त्या कारखान्याच्या व्यवस्थापनाने हुशारी केली. त्यांनी वाद घातला नाही, वनखात्याला पत्र लिहिले. एक तरुण वनरक्षक आला, दोन दिवस बांधाबांधाने हिंडला, ठसे पाहिले, आणि म्हणाला की एक मादी व तिची दोन वाढती पिल्ले इतके खात्रीने सांगता येते. झाले! साताचे तीन झाले, त्यांतली दोन पिल्ले, आणि आमची मागणी 'अतिशयोक्त' असा शेरा होऊन कपाटात गेली. गावात बस यायला त्यानंतर आणखी एक हिवाळा जावा लागला. तो एक हिवाळा माझ्या जिभेने आमच्या माणसांना पायी चालवला. जाताना तो वनरक्षक मला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णा, तुम्ही वाघ मोजले नाहीत. तुम्ही फोन मोजले."

हे वाक्य मला झोंबले. मी कोण? ज्याची सारी हयात माणसे मोजण्यात गेली तो. मोर्चा निघाला की पोलीस म्हणतात दोन हजार, आम्ही म्हणतो दहा हजार, आणि वर्तमानपत्र दोन्ही छापून मोकळे होते. ठेकेदाराच्या पटावर दोनशे नावे आणि पाळी सुटताना गेटातून बाहेर पडणारा लोंढा भलताच मोठा, हे मी रोज पाहत आलो. जो पटावर नाही तो जगात नाही, असे कागद म्हणतो. मग वाघाच्या बाबतीत माझी अक्कल कुठे गेली होती? त्या रागाने मी या विषयाची पुस्तके मिळवून वाचू लागलो. काही समजली, काही दोनदा वाचून समजली, आणि काहींतले गणित माझ्या डोक्यावरून गेले. जे समजले तेवढेच आज आपणांसमोर ठेवतो.

साऱ्या शास्त्राचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. आपल्याला जेवढी जनावरे दिसतात तेवढी ती असत नाहीत. दिसलेला आकडा दोन गोष्टींच्या गुणाकाराने बनतो: खरोखर किती आहेत, आणि त्यांतले एखादे आपल्या नजरेस पडण्याचा संभव किती. पहिली गोष्ट आपल्याला हवी असते, पण दुसरी कळल्यावाचून पहिली हाती लागत नाही. उघड्या माळावरचे चिंकारे दहांतले आठ दिसतील. उसातला बिबट्या दहांतला एकही दिसणार नाही. आणि तोच एक बिबट्या सात बांधांवर दिसला तर दहांचे सत्तर होतील. म्हणजे चूक दोन्ही अंगांनी होते, आणि कोणत्या अंगाने झाली हे नुसत्या आकड्याकडे पाहून कळत नाही.

जुन्या रीती याच ठिकाणी अडखळत. आपल्या खेड आणि आंबेगाव तालुक्यांच्या माथ्यावर भीमाशंकरचे अभयारण्य आहे. १९८५ साली ते जाहीर झाले. तिथला शेकरू हा आपल्या राज्याचा प्राणी. तो झाडाच्या शेंड्यात काटक्यांचे घरटे करतो. पुष्कळ वर्षे लोक घरटी मोजून शेकरूंचा हिशेब मांडत आले. पण शेकरू एका घरट्यावर भागवणारा गृहस्थ नव्हे. तो एकापेक्षा जास्त घरटी बांधतो, काही वापरतो, काही टाकून देतो. आता एका शेकरूमागे सरासरी किती घरटी हे ठाऊक नसेल तर घरटी मोजून काय हाती लागणार? घरपट्टीच्या वहीवरून गावाची डोकी मोजण्यापैकी ते आहे. आणि आपल्या गावात हल्ली एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात हे आपण जाणताच.

दुसरी रीत वैशाखी पौर्णिमेची. चांदण्या रात्री पाणवठ्याजवळ मचाण बांधून बसायचे आणि पाण्यावर येणारे प्रत्येक जनावर टिपायचे. मीही एकदा भीमाशंकरच्या रानात असा बसलो आहे. रात्रभरात एक भेकर, तीन रानडुकरे आणि असंख्य डास, इतकी माझी कमाई. पहाटे शेजारच्या मचाणावरचा मुलगा म्हणाला, त्यालाही तीन रानडुकरे दिसली. तीच की दुसरी? देव जाणे. शिवाय वळवाचा एक पाऊस आधी पडून गेला की डबकी भरतात, जनावरे ठरल्या पाणवठ्यावर येत नाहीत, आणि त्या वर्षी प्राणी 'घटले' असे छापून येते. रात्र मोठी सुंदर असते, आणि तरुण पोरांना रानाची गोडी लावायला यासारखा उपाय नाही. पण तिच्यातून निघणाऱ्या आकड्यावर मी बसची मागणी करणार नाही.

तिसरी रीत पट्टेरी वाघाच्या पायठशांची. ओरिसातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ साली ती बसवली. ठशावर काच ठेवायची, वरून रेघ उमटवायची, आणि डावा-उजवा, नर-मादी पारखून कोणता ठसा कोणत्या वाघाचा हे ठरवायचे. १९७२ साली साऱ्या देशातल्या वाघांची अशी गणती झाली आणि १,८२७ हा आकडा आला. त्या काळी तेवढे करणे हीच मोठी गोष्ट होती. पण मऊ मातीतला ठसा पसरतो, कडक मातीतला उमटतच नाही, आणि एकाच वाघाचे ठसे दोन माणसे दोन वाघांच्या नावे लावतात. शिवाय आपल्या हद्दीतला वाघ कमी झाला असे लिहायला कोणत्या अधिकाऱ्याचा हात धजेल? राजस्थानातल्या सारिस्का अभयारण्यात कागदावर वाघ नांदत होते. २००४-०५ साली नीट शोध घेतला तर एकही शिल्लक नव्हता. चोरट्या शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि वही मात्र भरलेली होती! त्यानंतर रीत बदलली. २००१-०२ चा जुन्या रीतीचा आकडा ३,६४२ होता. नव्या रीतीने २००६ साली १,४११ आला. लोक म्हणाले, चार वर्षांत निम्म्याहून जास्त वाघ मेले. तसे म्हणता येत नाही. पायलीने मोजलेल्यातून किलोने मोजलेले कोणी वजा करते काय?

तर ही नवी रीत कोणती? नवी म्हणायची, पण तिचे मूळ सव्वाशे वर्षांहून जुने आहे. डेन्मार्कमध्ये पीटरसन नावाचा एक मत्स्यशास्त्रज्ञ १८९० च्या दशकात चपट्या माशांना खुणेचे बिल्ले लावून परत पाण्यात सोडत असे. पुढे १९३० साली अमेरिकेत लिंकन याने बदकांच्या पायांत कडी घालून हाच हिशेब मांडला. हिशेब पोरालाही कळेल. समजा तळ्यातले चाळीस मासे धरले, खूण केली, सोडले. काही दिवसांनी पन्नास मासे धरले, त्यांत दहांवर खूण सापडली. म्हणजे पाचांत एक खुणेचा. खुणेचे एकूण चाळीस आपणच सोडलेले. तेव्हा तळ्यात चाळीसाच्या पाचपट, म्हणजे सुमारे दोनशे मासे असले पाहिजेत. सारे तळे उपसायला नको.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण तळे माझ्या समोरच होते. एका कारखान्याच्या ठेकेदाराच्या पटावर २१० माणसे होती आणि आम्हांला ती संख्या खोटी वाटत होती. सोमवारी पहिल्या पाळीच्या गेटावर आमच्या पोरांनी १२० जणांना गुलाबी पत्रक दिले. गुरुवारी वेगळ्याच पोरांनी १०० जणांना विचारले, सोमवारचे गुलाबी पत्रक मिळाले होते का? २४ जण हो म्हणाले. मांडा हिशेब: १२० गुणिले १०० भागिले २४. पाचशे! पोरे नाचायला लागली. मीही नाचलो असतो, पण सात वाघ आठवले.

मग मी बसून विचार केला की हा हिशेब कोणत्या अटींवर उभा आहे. पहिली अट, दोन मोजण्यांच्या मध्ये तळ्याचे दार बंद हवे; कोणी आत येता कामा नये, बाहेर जाता कामा नये. इथे तर ठेकेदार आठवड्यात माणसे बदलतो. सोमवारचे पत्रकवाले काही निघून गेले आणि त्यांच्या जागी कोरे आले. दुसरी अट, खूण पुसता कामा नये. कित्येकांनी पत्रक न पाहताच फेकले असेल आणि ते विसरलेही असतील. तिसरी अट सर्वांत नाजूक: ज्याला एकदा धरले तो दुसऱ्यांदा सापडण्याचा संभव इतरांइतकाच हवा. पण पत्रक घेतल्याचे मुकादमाने पाहिले, या भीतीने ज्यांनी ते घेतले होते तेच गुरुवारी आमच्या पोरांना टाळून निघाले. पिंजऱ्यात एकदा सापडलेले जनावर पुन्हा पिंजऱ्याकडे फिरकत नाही, तोच प्रकार. या तिन्ही दोषांनी आकडा फुगतो. म्हणून आम्ही पुन्हा मोजले, लागोपाठच्या दोन दिवसांत, पत्रकाऐवजी मनगटावर शिक्का मारून, आणि मुकादमाच्या नजरेआड, चहाच्या टपरीवर. पहिल्या दिवशी १३२, दुसऱ्या दिवशी ११०, त्यांत शिक्क्याचे ३८. आकडा आला ३८२.

एवढ्यावर मी थांबलो नाही. पुस्तकात दिलेल्या रीतीने यात चूक किती असू शकेल तेही काढले, एका शिक्षकमित्राच्या मदतीने. खालची मर्यादा सुमारे तीनशे, वरची सुमारे साडेचारशे. कामगार अधिकाऱ्यासमोर मी ३८२ म्हणालोच नाही. मी म्हणालो, "साहेब, तीनशेच्या खाली हा आकडा जाणे कठीण आहे, आणि पट म्हणतो २१०." अधिकाऱ्याने पट तपासायला माणूस पाठवला. आयुष्यात प्रथमच मी आकडा कमी सांगून जिंकलो. आमच्या धंद्यात हे फारसे कोणी करत नाही, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

आता वळू या पुन्हा वाघाकडे. बिबट्याला शिक्का मारायचा कसा? मारावा लागतच नाही. निसर्गाने तो मारून ठेवला आहे. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी, किंवा पट्टेरी वाघाचे पट्टे, दोन जनावरांचे सारखे नसतात. आपल्या अंगठ्यासारखेच ते आहे. शिवाय डाव्या कुशीची नक्षी वेगळी, उजवीची वेगळी. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. जनावर मधून गेले की दोन्ही आपोआप टिपतात. एकच कॅमेरा असेल तर डाव्या कुशीचा एक आणि उजव्या कुशीचा एक असे एकाच बिबट्याचे दोन बिबटे होतील. पट्टेरी वाघाला ही रीत लावण्याचे मोठे काम कर्नाटकातल्या नागरहोळेच्या रानात उल्लास कारंथ यांनी १९९० च्या दशकात केले.

आणि उसातल्या बिबट्याला ती लावली ती आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम केले व २०१३ साली प्रसिद्ध केले. तिथे अभयारण्य नाही. ऊस, टोमॅटो, गुरे, कुत्री, आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे. अशा ठिकाणी त्यांना शंभर चौरस किलोमीटरमागे ४.८ मोठे बिबटे मिळाले, अधिक-उणे १.२, आणि जवळजवळ तितकेच तरस. हा आकडा वाचून मी दोनदा थक्क झालो. प्रथम यामुळे की माणसांच्या इतक्या दाटीत इतके बिबटे, आणि बहुतेक लोकांना त्यांचा पत्ता नाही. नंतर यामुळे की गावोगावच्या पारावर जे आकडे बोलले जातात त्यांच्या मानाने हे किती थोडे!

मात्र एक सावधगिरी सांगतो, कारण मी स्वतः त्या मोहात पडलो होतो. अकोल्याचा हा आकडा घेऊन खेड तालुक्याच्या क्षेत्रफळाने गुणू नका. अकोल्यातले ओढे, अकोल्यातली कुत्री, अकोल्यातला ऊस वेगळा. आपल्याकडे चासकमानच्या पाण्यावर वाढलेला ऊस एका बाजूला आणि चाकणचे कारखाने दुसऱ्या बाजूला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, यांनी पीक-कापणीच्या प्रयोगांची जी शिस्त घालून दिली ती इथे आठवावी. रस्त्याकाठचे चांगले शेत निवडून त्यावरून तालुक्याचे पीक सांगायचे नाही. प्लॉट चिठ्ठी टाकून निवडायचे. कॅमेऱ्यांचेही तेच. सोयीच्या सडकेवर सगळे कॅमेरे बांधले तर सडकेवरचे बिबटे मोजले जातील.

आणखी एक पेच कडेचा. ज्या पट्ट्यात कॅमेरे आहेत त्याच्या सीमेवरचा बिबट्या अर्धा आत राहतो, अर्धा बाहेर. त्याला किती धरायचे? पूर्वी अंदाजाने सीमेभोवती एक पट्टा वाढवून घेत. हल्ली कोणता बिबट्या कोणकोणत्या कॅमेऱ्यात आला यावरून त्याच्या वावराचे केंद्र काढतात आणि दूर जावे तसा दिसण्याचा संभव कसा घटतो ते त्याच हिशेबात धरतात. ते गणित माझ्या आवाक्याबाहेरचे. तत्त्व तेवढे समजते.

देशाचा आकडाही सांगायला हवा. २०२२ च्या गणतीत भारतात १३,८७४ बिबटे आणि महाराष्ट्रात १,९८५ असा अंदाज निघाला. पण ही मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलांच्या अनुषंगाने होते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर इथल्या उसाच्या फडाला तिच्यात जवळजवळ जागाच नाही. म्हणजे आपला बिबट्या हा कंत्राटी कामगार झाला: कामावर आहे, पटावर नाही.

इतका वेळ मी 'किती आहेत' याविषयी बोललो. 'किती जगतात' हा प्रश्न याहून अवघड, आणि माझ्या मते याहून महत्त्वाचा. तो समजावून सांगायला मी आळंदीची पालखी घेतो.

समजा आपण एका दिंडीबरोबर पहिल्या वर्षी चाललो आणि शंभर वारकऱ्यांचे चेहरे नीट ध्यानात ठेवले. दुसऱ्या वर्षी त्यांतले साठ दिसले. चाळीस गेले म्हणायचे? घाईचा माणूस म्हणेल. पण तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या वर्षी न दिसलेल्या त्या चाळीसांपैकी बारा जण पुन्हा टाळ वाजवत पुढे आले! याचा अर्थ ते दुसऱ्या वर्षी जिवंत होते. आपल्याला दिसले नाहीत, इतकेच. आता त्या साठांचे काय झाले ते पाहा. दुसऱ्या वर्षी दिसलेल्या साठांपैकी तिसऱ्या वर्षी छत्तीस दिसले, म्हणजे शंभरी साठ. तेव्हा हे बारा हेदेखील शंभरी साठच दिसले असले पाहिजेत; म्हणजे जिवंत पण न दिसलेले मूळचे वीस. साठ आणि वीस, ऐंशी. शंभरातले ऐंशी दुसऱ्या वर्षी होते. गैरहजेरीतून हजेरी काढली! स्कॉटलंडचा कॉर्मॅक १९६४ साली या वाटेने गेला, आणि १९६५ साली जॉली आणि सेबर या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाच नियतकालिकात पूर्ण रीत मांडली. आजही जगभर जनावरांच्या जगण्याचा हिशेब याच पायावर चालतो.

पण यातही एक गोम आहे. जे वीस उरले ते मेले, की दुसऱ्या दिंडीत गेले? हिशेबाला दोन्ही सारखेच. कारखान्याच्या पटावरून नाव गेले म्हणजे माणूस मेला असे नव्हे. तो गावी गेला असेल, नाहीतर रांजणगावला लागला असेल. नागरहोळेत नऊ वर्षांच्या कॅमेरा-नोंदींत ७४ वेगवेगळे वाघ ओळखले गेले आणि वर्षाला शंभरातले सुमारे ७७ टिकतात असे निघाले. उरलेले तेवीस मेले असे त्यात म्हटलेले नाही. त्यांत मेलेलेही आले आणि रान सोडून गेलेलेही आले. आणि तरीही रान रिकामे झाले नाही, कारण तितकेच नवे येत राहिले.

सोडून जाणे म्हणजे किती दूर? २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या वर काढला, गळ्यात उपग्रहाचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. त्याचे नाव आजोबा ठेवले. तो घाट उतरून, रस्ते आणि रूळ ओलांडून, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला; आणि २०११ साली वाहनाच्या धडकेने मेला. पट्टा नसता तर पारनेरच्या वहीत तो २००९ सालीच 'गेला' असता. समुद्रातली गोष्ट याहून नवलाची. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बिल्ल्यावरचा आकडा वाचणारा माणूस तिथे हजर होता, म्हणून ती जिवंत ठरली.

हे सारे ऐकून कोणी विचारील, याचा आम्हांला उपयोग काय? पिंजरा लावावा आणि वाघ न्यावा. मार्च २०२४ मध्ये चाकणला मोटारींच्या एका कारखान्यात बिबट्या शिरला तेव्हा वनखात्याने त्याला बेशुद्ध करून नेला. तिथे दुसरा मार्गच नव्हता. पण सरसकट पिंजऱ्यांचा अनुभव आपल्याच विभागाने घेतलेला आहे. २००१ पासून जुन्नर भागात बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे नेऊन सोडले गेले. त्याआधी, १९९३ पासूनच्या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते वर्षाला सतरावर गेले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. हे अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडले. कारण शोधायला दूर जायला नको. पकडलेला बिबट्या त्या शिवारातून वजा झाला, पण बिबट्यांतून वजा झाला नाही. तो बिथरून परक्या मुलखात उतरला, आणि इकडे मोकळी झालेली जागा शेजारच्या तरण्याने घेतली. किती पकडले ही वही होती. पकडल्यावर त्यांतले किती जगले, कुठे गेले, ही वही नव्हती.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. ज्याच्या घरातले लेकरू गेले त्याच्यापुढे मी हे गणित मांडणार नाही. तिथे बसून राहावे, हात धरावा. तो म्हणेल पाच हजार वाघ आहेत, तर पाच हजार. मात्र त्याच्या दुःखाच्या नावावर जो मंत्री, जो पुढारी, जो माझ्यासारखा गेटावरचा वक्ता आकडा फेकतो, त्याला विचारले पाहिजे: कसे मोजले? चूक किती? किती ओळखले आणि किती नुसते दिसले? कारण त्याच्या आकड्यावरून पिंजऱ्यांचा पैसा ठरतो, दिवसा शेतीला वीज द्यायची की नाही ते ठरते, आणि रात्री पाळी सुटलेला माणूस चालत येणार की बसने, तेही ठरते.

श्रोत्यांतून मघाशी एक चिठ्ठी आली आहे: "कुरुळीच्या शिवारात हे करायचे झाले तर कसे करावे?" प्रश्न आवडला. ऊस उभा असताना करावे, तोडणी सुरू होण्याआधी. कारण फड तुटू लागला की बिबटे जागा बदलतात आणि तळ्याचे दार उघडते. मोजणी महिना-दीड महिन्यात उरकावी, त्याच कारणाने. कॅमेऱ्यांच्या जोड्या ओढ्याच्या काठाने, पाणंदीत, फडाच्या तोंडाशी, आणि कारखान्यांच्या मागच्या भिंतीलगतही लावाव्या. तिथे कँटीनच्या खरकट्यावर कुत्री असतात आणि कुत्र्यांमागे तो असतो. जागा चिठ्ठी टाकून निवडाव्या. वनखात्याची परवानगी आणि जाणत्या माणसाची देखरेख हवीच, ते हौशी पोरांचे काम नव्हे. आणि दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा करावे, नाहीतर किती जगले ते कधीच कळणार नाही. पहिल्या वर्षाचे फोटो जपून ठेवावे, दिंडीतल्या चेहऱ्यांसारखे.

राहता राहिली कॅमेऱ्यांची चोरी. ती होते. साखळी आणि कुलूप लावतात, तरी होते. मला वाटते ज्याच्या बांधावर कॅमेरा आहे त्याच्या हातात पहिला फोटो द्यावा. आपल्या शेतातून रात्री कोण गेले हे एकदा त्याने पाहिले की राखण तोच करील. आमच्या त्या वनरक्षकाला मी हे सुचवले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "अण्णा, पहिला कॅमेरा तुमच्याच बांधावर." मी हो म्हटले आहे. माझा बांध फाट्याच्या वाटेवरच आहे, जिथून आमची पोरे पूर्वी चालत येत.